सोडली, सुटली, काढलं

माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर जिल्हा उस्मानाबाद आहे. डिग्रीवरही तोच. नव्या रहिवासी दाखल्यावर मात्र धाराशिव आहे. पुण्यातल्या एका इंटरव्ह्यूमध्ये समोरच्या मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, “हे दोन वेगळे जिल्हे आहेत का?”

“नाही मॅडम, एकच. सप्टेंबर २०२३ मध्ये नाव बदललं.”

“ओके,” म्हणाल्या आणि पान उलटलं.

एका वाक्यात विषय संपला. ‘पूर्वीचे उस्मानाबाद’ असं कंसात लिहिलं की पुरतं. आमच्याकडच्या शेळीला तर तेवढंही लागत नाही. ती अजून उस्मानाबादीच आहे आणि बाजारात तिला कोणी त्याबद्दल विचारत नाही.

पुढच्या पानावर मॅडमचं बोट थांबलं. “फेब्रुवारीपासून गॅप दिसतोय. आधीची नोकरी का सोडली?”

त्यांनी ‘सोडली’ म्हटलं होतं. मला फक्त त्या शब्दाच्या मागून चालायचं होतं. मी म्हणालो, “वैयक्तिक कारण होतं. घरी आजारपण.”

घरी कोणी आजारी नव्हतं. आई त्या दिवशी पहाटे चारला उठली होती, डबा करून दिला होता आणि मला स्टँडवर सोडायला आली होती.

मला नोकरीवरून काढलं होतं. पैशांच्या कारणावरून.

*

या गोष्टीसाठी मराठीत तीन क्रियापदं आहेत. नोकरी सोडली, सुटली, आणि काढलं. ‘सोडली’मध्ये करणारा मी असतो. ‘काढलं’मध्ये करणारा दुसरा असतो. ‘सुटली’मध्ये कोणीच नसतं. स्टँडवरून एसटी सुटते तशी नोकरी सुटते. आपण उभे राहिलो आणि ती गेली. त्या वर्षभरात गल्लीत, लग्नात, सलूनमध्ये कोणी “काय करायलास सध्या?” म्हणून विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं. “ती सुटली. दुसरी बघायलोय.” कोणी पुढे विचारायचं नाही. विचारलं नाही म्हणजे कळलं नाही, असं गावात कधी नसतं.

सरकारी मराठी याहून बारीक तोलते. महाराष्ट्र नागरी सेवा शिस्त व अपील नियम १९७९ चे आहेत. त्यात ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फी’ या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. पहिली पुढच्या सरकारी नोकरीच्या आड येत नाही, दुसरी साधारणपणे येते. म्हणजे एखाद्याला घालवताना त्याच्या पुढच्या दाराचं काय करायचं, याचा विचार नियम लिहिणाऱ्यांनी तेव्हाच केला होता. खासगी नोकरीतल्या पत्रात असा विचार क्वचितच असतो.

आणि शब्दावरून कारण तरी कुठं कळतं? २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला. महामंडळ राज्य सरकारात विलीन करा, ही मागणी होती. हजारो कर्मचारी निलंबित झाले, हजारो बडतर्फ झाले. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि बडतर्फ झालेलेही पुन्हा गाडीवर आले. तिकिटाच्या पैशांत गफलत करून घरी बसलेला एखादा कंडक्टर आणि संपात उतरलेला कंडक्टर, दोघांच्या कागदावर शब्द तोच. म्हणून कारण सांगावं लागतं. आणि कारण सांगणं ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही, हे मला दीड वर्षात कळलं.

*

माझं कारण आधी सांगतो. पूर्ण सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

मी एका मायक्रोफायनान्स कंपनीत फील्ड ऑफिसर होतो. काम कळंब आणि वाशी तालुक्यातल्या गावांत. सकाळी साडेसातला पहिलं सेंटर. समाजमंदिरात नाहीतर कुणाच्या ओसरीवर बायका बसायच्या. मी हप्ते मोजून घ्यायचो, लोन कार्डावर सही करायचो, टॅबमध्ये एंट्री टाकायचो आणि दुपारी ब्रँचला कॅश भरायचो. हे कर्ज बिनतारण असतं. तारण म्हणजे गट. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी वर्गणी काढून भरायचा. म्हणून सेंटरवर कुणी पैसे आणले नाहीत तर आधी आवाज चढतो तो माझा नाही, शेजारणीचा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एका ताईंचा हप्ता आला नाही. नोव्हेंबरमध्येही येणार नव्हता. त्यांच्या घरात काय अडचण होती ते मी इथे लिहिणार नाही. ती त्यांची गोष्ट आहे. अडचण खरी होती, एवढं पुरे.

त्याच सुमाराला दुसऱ्या गावच्या एक मावशी ऊसतोडीला चालल्या होत्या. एकदा कोयता घेऊन बाहेर पडलं की चार-पाच महिने गाव दिसत नाही. म्हणून त्यांनी तीन हप्ते एकदम दिले. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. २,२०० प्रमाणे ६,६०० रुपये. “लिहून घ्या सर. मागं काय ठेवायचं न्हाई,” म्हणाल्या. हे त्यांची परवानगी घेऊन लिहितोय.

मी त्यांच्या कार्डावर तीन सह्या केल्या. टॅबमध्ये एकच हप्ता भरला. उरलेले ४,४०० रुपये पहिल्या ताईंच्या दोन हप्त्यांत टाकले. मावशींचा डिसेंबरचा हप्ता पडायच्या आत माझ्या पगारातून पैसे भरायचे, असं ठरवलं होतं. त्या पगारातून मी माझ्या मोबाइलचा हप्ता भरला.

जानेवारीत ऑडिट आलं. ऑडिटरने मावशींना फोन लावला. त्या कर्नाटकात कुठल्याशा फडात होत्या. किती हप्ते भरले? तीन. टॅबमध्ये एक. त्याच संध्याकाळी मित्राकडून उसने घेऊन मी ४,४०० भरले. फेब्रुवारीत पत्र आलं. त्यात ‘रकमेचा अपहार’ असे शब्द होते.

पत्र वाचून मला चीड आली होती. मी एक रुपया खाल्ला नव्हता. परत करणारच होतो. मग गावातल्या एका वकील मित्राने शांतपणे सांगितलं की भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये स्पष्टच लिहिलंय: थोड्या काळापुरता केलेला अपहार हाही अपहारच. आता दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली आहे, पण हा मुद्दा तसाच आहे. १८६० मध्ये कायदा लिहिणाऱ्यांना माझ्यासारखी माणसं माहीत होती म्हणायची.

*

पुण्याची ती नोकरी मला मिळाली. आठ दिवस केली. नवव्या दिवशी एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. तुमच्यापैकी जे पहिली-दुसरी नोकरी शोधताय त्यांना हे माहीत असलेलं बरं: तुमचा पीएफ एकाच यूएएन नंबरला जोडलेला असतो आणि कुठे कधी लागलात, कधी बाहेर पडलात, हे त्यात दिसतं. शिवाय बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणाऱ्या एजन्सी जुन्या कंपनीला मेल टाकून विचारतात. सगळेच विचारतात असं नाही. माझ्या वेळी विचारलं.

केबिनमधल्या मॅडम त्याच होत्या. त्यांनी जुन्या प्रकरणाबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “घरी कोण आजारी होतं?”

मी परतीची गाडी पकडली. येरमाळ्याला उतरायच्या आत ठरवलं होतं की पुढच्या वेळी खरं सांगायचं.

आणि पुढच्या वेळी मी खरं सांगितलं. इंटरव्ह्यू सोलापूरला होता. गोष्ट तीन रात्री घोकली होती. एका गरीब बाईचा हप्ता थकला होता. तिच्या शेजारणी तिच्या दारात उभ्या राहणार होत्या. मला बघवलं नाही. मी नियम मोडला, पैसे तात्पुरते फिरवले, परतही केले. कंपनीला माणुसकी कळली नाही, मला काढलं. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, तुम्ही वर वाचलेल्या हकिकतीशी ताडून बघा.

समोर वयस्कर गृहस्थ होते. चष्मा काढून ऐकत होते. मला वाटलं, झालं काम.

मग त्यांनी विचारलं, “हप्ता कुणाच्या पैशांतून गेला, हे त्या बाईंना माहीत होतं?”

“नाही सर.”

“आणि ज्यांचे पैसे होते त्यांना?”

“नाही.”

“मग मदत त्या दुसऱ्या बाईंनी केली. तुम्ही नाही. आणि त्यांना ती विचारलीही नव्हती.”

नोकरी मिळाली नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट समजली. पुण्यात मी खोटं बोललो होतो आणि ते खोटं मला कळत होतं. सोलापुरात मी खरं बोललो होतो आणि त्यातलं खोटं मलाच कळत नव्हतं. दुसरं जास्त वाईट. महाभारतात द्रोणाचार्यांना युधिष्ठिर अश्वत्थामा मेल्याचं सांगतो आणि हत्तीचा उल्लेख पुटपुटून उरकतो. वाक्य खरं होतं. तरी त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली आला. त्या कथेत शिक्षा शब्दांना झालेली नाही. समोरच्याने काय समजावं अशी रचना केली, त्याला झाली आहे.

माझ्या गोष्टीतही एक हत्ती होता. महिन्याला एकही हप्ता थकला नाही तर मला १,५०० रुपये इन्सेंटिव्ह मिळायचा. ताईंचे हप्ते थकले असते तर दोन महिन्यांचे ३,००० गेले असते. ताईंची दया आली होती का? हो. इन्सेंटिव्ह आठवला होता का? हो. आधी काय आठवलं? खरं सांगतो, क्रम मला आठवत नाही. दोन्ही एकाच खिशात होते. आणि जिथे क्रम आठवत नाही तिथे आपण नेहमी दया आधी लावतो.

*

आता मूळ प्रश्न. हे सगळं ज्याच्याकडे मी नोकरी मागतोय त्याला सांगायचं कर्तव्य माझ्यावर आहे का?

१७९७ मध्ये दोन विचारवंतांचा यावरून खटका उडाला होता. फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्टंट यांचं म्हणणं असं होतं की खरं बोलणं हे कर्तव्य आहे, पण ज्याला ते सत्य जाणून घ्यायचा हक्क आहे त्याच्यापुरतंच. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी उत्तरादाखल निबंध लिहिला. त्यांच्या मते असा हक्क-बिक्क काही नसतो. आपल्या मित्राच्या जिवावर उठलेला मारेकरी दारात येऊन ‘तो घरात आहे का’ विचारत असेल तरी खोटं बोलायचं नाही. बहुतेक वाचकांना कांट इथे हटवादी वाटतात. मलाही वाटले. पण कॉन्स्टंटचं म्हणणं वापरायला फार सोयीचं आहे, हेही लक्षात आलं. समोरच्याला हक्क आहे की नाही, हे ठरवणार कोण? मीच. पुण्यात मी तेच ठरवलं होतं: ‘यांना काय करायचंय.’

तरी कॉन्स्टंटमध्ये काहीतरी धरून ठेवण्यासारखं आहे. समजा मी गोदामात हमालीला गेलो. तिथल्या मुकादमाला माझ्या टॅबमधल्या एंट्रीशी काय देणंघेणं? तेच मी पतसंस्थेच्या काउंटरवर बसायला गेलो तर संचालकांना ते कळायलाच हवं. कारण ते माझ्या हातात तीच वस्तू देणार आहेत जी माझ्या हातून एकदा घसरली. हक्क समोरच्याच्या खुर्चीतून येत नाही. तो माझ्या हाती काय सोपवणार आहे, त्यातून येतो.

आपलं सर्वोच्च न्यायालयही साधारण याच वाटेने गेलेलं दिसतं. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीचा एक खटला होता. उमेदवाराने तरुणपणी झालेल्या मारामारीच्या केसचा उल्लेख अर्जात केला नव्हता. ती केस तडजोडीने मिटून तो सुटलेला होता. न्यायालयाने त्याची बाजू घेतली आणि निकालात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या जाँ वालजाँची आठवण काढली. भाकरी चोरल्याबद्दल कैद भोगून आलेला तो माणूस. त्याला गावोगावी पिवळा परवाना दाखवावा लागतो आणि तो दाखवला की दिवसभराच्या कामाची मजुरीसुद्धा कमी मिळते. २०१६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने या विषयावर तत्त्वं घालून दिली. विचारलेली माहिती खरी द्यायची, लपवायची नाही. पण फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा. जे नेमकं विचारलंय तेच सांगायला उमेदवार बांधील. आणि लपवलेली बाब क्षुल्लक असेल तर मालकाने ती सोडून देण्याचाही विचार करावा. हे दोन्ही निकाल फौजदारी केसेस लपवण्याबद्दल आहेत, नोकरीवरून काढण्याबद्दल नाहीत. पण मधली वाट तीच आहे: नेमकं विचारलं तर खोटं नाही, आणि न विचारता स्वतःची पाठ सोलून दाखवायची सक्तीही नाही.

यातून मी माझ्यापुरते तीन नियम काढले. एक, माझ्या हातून जे घडलं ते माझ्याच क्रियापदात सांगायचं. दोन, दुसऱ्यांचं दुःख माझ्या बचावासाठी वापरायचं नाही. ताईंच्या घरातली अडचण हा माझा दाखला नाही. तीन, शेवटी ‘पण’ लावायचा नाही. ‘मी पैसे फिरवले, पण…’ या पणच्या पुढे मी जे काही लावलं ते नेहमी मलाच सोयीचं निघालं.

नियम चांगले होते. मी त्यांच्यावर खूश होतो. कळंबच्या स्टँडवर त्यांची किंमत कळली.

*

त्याआधी थोडं तेरबद्दल. धाराशिवपासून तेर जवळ आहे. गोरोबाकाकांचं गाव. घरी बसलेल्या माणसाला तिथलं देऊळ बरं वाटतं, कारण तिथे कोणी ‘काय करायलास’ म्हणत नाही. गोरोबांची कथा तुम्ही ऐकलीच असेल. संतमंडळी जमलेली असतात. मुक्ताबाई गोरोबांना म्हणतात, यातलं कोणतं मडकं भाजलेलं आणि कोणतं कच्चं ते सांगा. गोरोबा कुंभाराचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. सगळे गप्प बसतात. नामदेव चिडतात. गोरोबा सांगतात, हे कच्चं.

एवढ्या मोठ्या मंडळीत, पांडुरंगाच्या लाडक्या भक्ताला नापास केलं. आणि वारकरी परंपरेने ही गोष्ट दडवली नाही. उलट सातशे वर्षं कीर्तनात सांगितली. नामदेव पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे जातात, शिकतात, मोठे होतात. कच्चं म्हणजे फुटकं नव्हे. कच्च्याला भट्टी आहे. मला ही कथा फार जवळची वाटायला लागली होती. पुढच्या इंटरव्ह्यूत सांगावी की काय, असंही मनात आलं होतं.

मग लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतोय. नामदेवांच्या कच्चेपणाने दुसऱ्या कुणाचे पैसे गेले नव्हते. त्यांची गोष्ट एका माणसाची होती. माझ्या गोष्टीत आणखी कुणीतरी होतं आणि त्यांना मी मोजलंच नव्हतं.

*

२०२४ च्या उन्हाळ्यात कळंबच्या स्टँडवर त्या मावशी भेटल्या. त्यांनीच हाक मारली. “सर, दिसंना झालात सेंटरला.” मी म्हणालो, “ती नोकरी सुटली मावशी.” जीभ सवयीने वळली.

रसवंतीवर बसलो. बोलता बोलता त्या म्हणाल्या की दोन शेळ्या घ्यायला दुसऱ्या कंपनीकडे कर्ज मागितलं होतं, मिळालं नाही. “सिबिल खराब हाय म्हणं. दोन हप्ते उशिरा भरलेत म्हणं. आवं सर, म्या तर तीन एकदम दिल्ते. तुमच्याच हातात दिल्ते.” तक्रारीचा सूर नव्हता. माझ्याकडे साक्षीदार म्हणून बघत होत्या.

कंपनीने माझे ४,४०० रुपये मावशींच्या खात्यात जानेवारीच्या तारखेने जमा केले होते. त्यामुळे डिसेंबरचा हप्ता पुरा महिनाभर थकलेला आणि जानेवारीचाही उशिरा, अशी नोंद क्रेडिट ब्युरोत राहिली. म्हणजे मी इंटरव्ह्यूत माझ्या गॅपचं स्पष्टीकरण देत फिरत होतो तेव्हा मावशी तिकडे त्यांनी न केलेल्या उशिराचं स्पष्टीकरण देत होत्या. आणि त्यांचं कोणी ऐकून घेत नव्हतं.

त्यांचं का ऐकत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षं मीच न ऐकणारा होतो. नवा अर्ज आला की टॅबमध्ये रिपोर्ट काढायचा, लाल दिसलं की ‘ताई, तुमचं होत नाही’ म्हणायचं आणि पुढचा अर्ज घ्यायचा. एकीलाही मी ‘का उशीर झाला होता’ म्हणून विचारलं नाही. विचारायचा कॉलमच नव्हता. पुण्याच्या मॅडमनी मला निदान प्रश्न तरी विचारला होता.

उसाच्या रसाचा ग्लास अर्धा होता. मी मावशींना सांगितलं. तीन सह्या, एक एंट्री, ४,४००, मोबाइलचा हप्ता, १,५०० चा इन्सेंटिव्ह. ‘पण’ लावला नाही. त्यासाठी जेवढी ताकद लागली तेवढी कुठल्याच इंटरव्ह्यूत लागली नव्हती.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला इचारलं असतं तर म्या दिलं असतं की वो.”

मी यावर वर्षभर विचार करतोय. दिले असते का, माहीत नाही. मी त्यांना नाही म्हणायची संधीच दिली नाही, आणि हो म्हणायचीही नाही. चोरी म्हणजे नुसते पैसे घेणं नसतं. समोरच्याच्या चांगुलपणाची त्याच्या हातून होणारी कृती आपण परस्पर उरकून टाकतो, तीही चोरीच.

मग त्या म्हणाल्या, “आता ते लाल नीट करून द्या.” 

हे जमण्यासारखं होतं. ज्यांना लागेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. प्रत्येक क्रेडिट ब्युरोने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चुकीची नोंद असेल तर ब्युरोकडे किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे तक्रार करता येते. ती ३० दिवसांत निकाली निघायला हवी. नाही निघाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. आमच्याकडे पुरावा होता. मावशींचं लोन कार्ड, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेलं, त्यावर माझ्या तीन सह्या. सोबत मी एक कागद लिहून दिला: हे पैसे या तारखेला माझ्या हातात मिळाले होते, मी भरले नाहीत. खाली नाव, सही. माझ्याविरुद्धचा सगळ्यात पक्का पुरावा मीच लिहून दिला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट झोप लागली. नोंद दुरुस्त झाली. शेळ्या त्याच वर्षी आल्या.

*

तेव्हापासून मला वाटतं, आपण हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून धरतो. ‘इंटरव्ह्यूत काय सांगू’ हे विचारतो, कारण तिथे आपलं काहीतरी अडकलेलं असतं. ज्याच्याकडे नोकरी द्यायची ताकद आहे त्याच्यापुढे आपण वाक्यं घोकतो. ज्याचं आपण नुकसान केलं तो आपला इंटरव्ह्यू घेत नाही. त्याच्याकडे टेबल नसतं, केबिन नसतं, नाही म्हणायची ताकदही नसते. म्हणून त्याचा नंबर शेवटी लागतो, बहुतेक वेळा लागतच नाही. उलट्या क्रमाने गेलं तर इंटरव्ह्यूचं उत्तर आपोआप छोटं होतं. सोलापुरात मला दहा मिनिटं बोलावं लागलं, कारण त्या खुर्चीकडून मला नोकरीबरोबर माफीही हवी होती. ती द्यायचा अधिकार त्या सरांना नव्हताच.

अर्थात सगळ्यांचं प्रकरण माझ्यासारखं नसतं. कुणाला कामगार कमी करायचे म्हणून काढतात, कुणाला वरिष्ठाशी पटलं नाही म्हणून, कुणाला गरोदर आहे म्हणून. तिथे कबुली द्यायला काही नसतंच आणि उगीच अपराधी आवाजात बोलायचीही गरज नाही. त्यांनी ‘काढलं’ हे क्रियापद ताठ मानेने वापरावं. तो शब्द करणाऱ्याकडे बोट दाखवतो. खरी अडचण आमच्यासारख्यांची आहे, ज्यांच्या बाबतीत ‘काढलं’ही खरं आणि ‘मी केलं’ही खरं.

मी आता धाराशिवात एका बी-बियाणं आणि खतांच्या होलसेल दुकानात हिशोब बघतो. मालकांना मी इंटरव्ह्यूत तीन वाक्यं सांगितली. मला नोकरीवरून काढलं होतं. एका खातेदाराचे पैसे मी त्यांना न विचारता दुसऱ्या खात्यात भरले आणि वेळेत परत केले नाहीत. ज्यांचं नुकसान झालं त्यांना मी सांगितलं आहे आणि नोंद दुरुस्त करून दिली आहे.

मालक काही वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हिशोब तू लिही. गल्ल्याला हात लावायचा नाही. वर्षभर.”

याआधी आणखी दोन ठिकाणी हीच तीन वाक्यं सांगून नकार मिळाला होता. त्यांचंही काही चुकलं असं मला वाटत नाही. खरं बोललं की दार उघडतं, असं सांगणारी गोष्ट ही नाही.

रोज संध्याकाळी मालक माझ्यासमोर गल्ला मोजतात आणि माझ्या वहीतल्या आकड्याशी ताडून बघतात. पहिले काही दिवस कान गरम व्हायचे. आता नाही होत. मीही मनातल्या मनात त्यांच्याबरोबर मोजतो. मागच्या महिन्यात एकदा २०० रुपये जास्त निघाले. दोघांनी मिळून पुन्हा मोजले. परंड्याच्या एका गिऱ्हाइकाचं बिल चुकलं होतं, जास्त घेतलं गेलं होतं.

“उद्या फोन करून सांग त्यांना,” मालक म्हणाले.

मी म्हणालो, “आत्ताच करतो.”